घाटातील सायकल-सहल : शेवटच्या स्वाराचा हिशेब



ज्या व्यासपीठावरून तत्त्वज्ञान, इतिहास आणि अर्थकारण यांवर विद्वानांची व्याख्याने व्हायची, तेथे सायकलीसारखा विषय आलेला पाहून कोणाला हसू आले असेल, तर त्यात नवल नाही. सायकल म्हणजे दूधवाला, पेपरवाला आणि शाळकरी पोरे यांचे वाहन, त्यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु मी आज सायकलीविषयी थोडे आणि योजनेविषयी अधिक बोलणार आहे. दहा-बारा माणसे, वये निरनिराळी, ताकद निरनिराळी, चार-सहा दिवस डोंगराळ मुलखातून सायकलीने जाणार. रात्री तंबूत राहणार. सामान वाहायला बरोबर एक मोटारगाडी असणार. ही सहल सुखरूप आणि आनंदाची कशी करावी, एवढाच माझा विषय आहे. ऐन वैशाखात मी तो मांडतो आहे, कारण सह्याद्रीत अशा सहलीला योग्य काळ म्हणजे कार्तिक ते माघ. तयारीला सहा-सात महिने लागतात. म्हणजे आजपासून सुरुवात केली, तर फार लवकर झाली असे नाही.

ही कल्पना नवी नाही. थॉमस हायरम होल्डिंग नावाच्या लंडनच्या एका शिंप्याने १८९७ साली आयर्लंडच्या कॉनेमारा भागात सायकलीवर तंबू लादून सफर केली. धंद्याने शिंपी असल्यामुळे हलका तंबू कसा बेतावा, हे त्याला चांगले कळत होते. १९०१ साली त्याच्या पुढाकाराने तंबूत राहणाऱ्या सायकलस्वारांची संघटनाही उभी राहिली. आपल्याकडचे उदाहरण त्याहून मोठे आहे. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रदक्षिणेला निघाले, आणि त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली ती पुरी करून परत आले. त्यांच्या पाठीशी सामानाची गाडी नव्हती. आपल्या पाठीशी ती असते. म्हणून आपले काम सोपे, असे आपल्याला वाटते. माझ्या अनुभवाने सांगतो, ते सोपे होत नाही, वेगळे होते.

एक चुकलेला हिशेब

तो अनुभव आधी सांगतो, म्हणजे पुढचे नियम मी पुस्तकातून काढलेले नाहीत, हे आपल्या ध्यानी येईल.

काही वर्षांपूर्वी आम्ही बाराजण पुण्याहून महाबळेश्वरमार्गे कोकणात उतरण्यासाठी निघालो. आखणी माझी होती. पहिला मुक्काम पाचगणी. पुणे ते पाचगणी सुमारे शंभर किलोमीटर. विश्रांतीसह ताशी दहा धरले तर दहा तास. सकाळी साडेसहाला निघावे, साडेचारला तंबू ठोकावेत. कागदावर हिशेब चोख होता. सामानाची गाडी दुपारीच पुढे जाऊन स्वयंपाकाला लागणार होती. सर्वांच्या पिशव्या गाडीत टाकल्या, सायकली हलक्या केल्या, आणि मोठ्या उत्साहाने निघालो.

पहिले स्वार वाईला पोचले तेव्हाच साडेचार वाजले होते. पुढे पसरणीचा घाट उभा होता. आम्ही तो चढून पाचगणीला पोचेतो दिवस बुडाला. हातपाय धुतले, चहा घेतला, गरम पिठले-भात पानात पडला, तेव्हा एक पान रिकामे दिसले. आमच्यातील सर्वांत वडील सभासद आले नव्हते. हे गृहस्थ निवृत्त पोस्टमन. सारा जन्म सायकलीवर गेलेला, पण सपाटीवरच्या, एकाच वेगाच्या सायकलीवर. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. फोन लावला, तर तो गाडीतल्या पिशवीत वाजला.

गाडी परत घाटात घातली. अर्ध्या घाटात, एका वळणावर, कठड्याला सायकल टेकवून तात्या बसले होते. मागचे चाक पंक्चर झालेले. पंप आणि पंक्चरचे सामान गाडीत. दिवा गाडीत. स्वेटर गाडीत. बाटलीतले पाणी वाईतच संपलेले. अंधारात शेजारून ट्रक जात होते आणि त्यांच्या अंगावर पांढरा सदरादेखील नव्हता. सुदैवाने इजा काही झाली नव्हती. मी घाईघाईने म्हणालो, "तात्या, तुम्ही नाही असं कळल्याबरोबर लगेच शोधायला निघालो." ते शांतपणे म्हणाले, "ते झालं. पण तुम्ही मोजलंत केव्हा?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही वाईत मोजले नव्हते, घाटाच्या तोंडाशी मोजले नव्हते, माथ्यावर मोजले नव्हते. जेवायला बसलो तेव्हा मोजले. आज मी जे सांगणार आहे ते सारे या एका प्रश्नाच्या उत्तरादाखल आहे, असे समजावे.

किलोमीटर नव्हे, चढ मोजावा

माझी पहिली चूक ही की मी लांबी मोजली, उंची मोजली नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. वाई सातशेच्या थोडी वर आणि पाचगणी जवळजवळ १,३०० मीटरवर. नुसती वजाबाकी केली तरी चढ सव्वासातशे मीटरच्या आसपास येतो. पण वाटेत कात्रज चढून उतरावे लागते, खंबाटकी चढून उतरावी लागते. उतरलेली उंची पुन्हा चढायची असते. म्हणून दोन टोकांच्या उंचीची वजाबाकी फसवी असते. वाटेतील सगळ्या चढांची बेरीज करावी लागते. ती त्या दिवसापुरती हजार मीटरच्या घरात जात होती.

चढाला किती वेळ लागतो, याचा हिशेब डोंगर चालणाऱ्यांनी फार पूर्वी बसविला आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली पायी चालणाऱ्यांसाठी असा नियम सांगितला की, दर तीन मैलांना एक तास धरावा, आणि शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास मिळवावा. सायकलीसाठी आम्ही त्याच धर्तीचा एक ठोकताळा वापरतो : दर शंभर मीटर चढामागे सपाटीचे दोन किलोमीटर जादा धरावेत. उताराने वाचलेला वेळ जमेस धरू नये. तो थांबण्यात आणि दुरुस्तीत जातो.

हा ठोकताळा माझ्या त्या दिवसाला लावून पाहा. शंभर किलोमीटर, अधिक हजार मीटरचे वीस, एकूण एकशेवीस. ताशी दहाने बारा तास. आणि डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो व सहाच्या सुमारास मावळतो; म्हणजे उजेड अकरा तासांचा. बारा तासांचा प्रवास अकरा तासांच्या उजेडात बसत नाही, हे गणित चौथीच्या मुलाला येईल. ते मी केले नव्हते एवढेच. त्यातून सर्वांत मोठा चढ मी सर्वांत लांब दिवसाच्या शेवटी ठेवला होता. चढ नेहमी सकाळी असावा, पाय ताजे असताना आणि ऊन चढण्यापूर्वी.

आता हा चढ शरीराकडून काय मागतो, ते पाहू. माणूस, सायकल आणि थोडे सामान मिळून ८५ किलो वजन धरू. पसरणीच्या घाटात बारा किलोमीटरमध्ये हे वजन सुमारे ५८० मीटर वर न्यायचे असते. त्याला लागणारे निव्वळ काम सव्वाशेहून थोड्या कमी किलोकॅलरींचे आहे. परंतु मनुष्यदेहाचे यंत्र खाल्लेल्या अन्नातील जेमतेम चौथा हिस्साच कामात उतरविते, बाकीच्याची उष्णता होते. शिवाय रस्त्याचे घर्षण आहेच. म्हणजे एका घाटाचा खर्च सुमारे पाचशे किलोकॅलरी, अर्थात सव्वाशे-दीडशे ग्रॅम गूळ. ही उष्णता घामावाटे बाहेर पडते, म्हणून पाणी लागते. "सकाळी भरपूर नाश्ता केला आहे, आता वरच जेवू" असे म्हणणारा स्वार घाटाच्या तिसऱ्या वळणावर गळतो तो याच कारणाने.

पॉल द व्हिव्ही हा फ्रान्समधील सेंट-एत्येन गावचा गृहस्थ 'व्हेलोसियो' या नावाने लिहीत असे. १९३० साली तो वारला. डोंगरातील सायकल-सफरींचा तो मोठा पुरस्कर्ता. तहान-भुकेची वाट न पाहता खाणेपिणे चालू ठेवावे, आणि निव्वळ ऐटीखातर पाय मारू नयेत, असा त्याचा उपदेश होता. यातील दुसरा अर्धा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे, असे मला वाटते.

सायकल कशी असावी

याच व्हिव्हीने सायकलीला निरनिराळे गिअर असावेत म्हणून आयुष्यभर खटपट केली. त्या काळी गिअर हे दुबळ्यांचे लक्षण मानले जाई. फ्रान्सच्या प्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यतीत साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकविणाऱ्या गिअरना १९३७ सालापर्यंत मज्जाव होता. आज ही समजूत शर्यतीत उरलेली नाही, पण आपल्या मनांत थोडी उरली आहे.

तात्यांच्या सायकलीचेच उदाहरण घेऊ. पुढच्या चकतीला ४४ दाते, मागच्याला १८. पायडल एकदा फिरले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल पाच मीटर पुढे जाते. सपाटीवर मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या की ताशी अठरा किलोमीटर वेग येतो. उत्तम. पण शेकडा पाच चढावर सामान्य माणूस ताशी सात-आठ किलोमीटरपेक्षा अधिक वेग टिकवू शकत नाही. म्हणजे त्याला मिनिटाला चोवीस-पंचवीस फेऱ्या माराव्या लागतात, प्रत्येक फेरी सर्व शरीराचा भार टाकून. गुडघे बोलू लागतात ते यामुळे. उलट पुढे जितके दाते तितकेच मागे असतील, तर एका फेरीत सायकल दोन मीटरच जाते, आणि साठ फेऱ्यांत ताशी साडेसात किलोमीटर होतात. पाय सहज फिरतो, श्वास टिकतो. म्हणून घाटाच्या सहलीसाठी सायकल निवडताना एकच प्रश्न विचारावा : सर्वांत हलक्या गिअरमध्ये मागचे दाते पुढच्याइतके किंवा त्याहून अधिक आहेत काय? किंमत, रंग आणि छाप यांचा विचार त्यानंतर. आणि ज्याला उतरून चालावेसे वाटेल, त्याने खुशाल चालावे. चालण्यात कमीपणा नाही.

चढाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार उताराचा करावा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना सुमारे चाळीस किलोमीटरांत तेराशे मीटर उंची संपते. चढताना साठविलेली सगळी शक्ती आता वारा आणि ब्रेक यांनी गिळायची असते. ८५ किलो वजनाच्या बाबतीत ती इतकी असते की, तीन लिटरहून अधिक पाणी तिच्यावर उकळेल. सावकाश उतरणाऱ्याच्या बाबतीत वाऱ्याचा वाटा कमी आणि ब्रेकचा अधिक. ब्रेक सतत दाबून धरले तर चाकाची रिम तापते, आतली ट्यूब फुटू शकते, जुने ठिगळ सुटू शकते. म्हणून ब्रेक थोडा दाबावा, सोडावा. दोन्ही आलटून-पालटून वापरावेत. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. आणि दर चार-पाच किलोमीटरला थांबून रिमला हात जवळ नेऊन पाहावे. ब्रेकचे रबर निघण्यापूर्वी नवे घालावे. या बाबतीत काटकसर करू नये.

गाडीत काय, सायकलीवर काय

आता बरोबरच्या गाडीकडे वळू. गाडी असली की माणूस सगळेच तिच्यात टाकतो. आम्हीही टाकले. पण गाडी तुमच्याजवळ असतेच असे नाही. ती वळणापलीकडे असते, पुढच्या गावी असते, पेट्रोलपंपावर असते. म्हणून सामानाची विभागणी वजनावरून करू नये, निकडीवरून करावी. जी वस्तू लागल्यावर तासभर थांबता येते, ती गाडीत. जिच्यावाचून तासभर थांबता येत नाही, ती सायकलीवर.

या कसोटीने सायकलीवर येतात ते जिन्नस असे : दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे, केळे किंवा दशमी, पंप, एक जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान, पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा, उजेड परतविणारी पट्टी किंवा जाकीट, एक गरम कपडा, फोन, आणि नाव, रक्तगट व घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. सारे मिळून तीन-चार किलो होते. एवढ्या वजनाने घाट जड होत नाही. गाडीत जातात ते तंबू, अंथरूण-पांघरूण, शेगडी व भांडी, पाण्याचे कॅन, जादा टायर, साखळी, ब्रेकच्या तारा, हवेचा मोठा पंप आणि औषधांची पेटी. पाण्याचा हिशेब आम्ही माणशी दिवसाला पिण्यासाठी पाच लिटर व स्वयंपाकासाठी तीन लिटर असा धरतो. बारा माणसे आणि गाडीवान मिळून सुमारे शंभर लिटर होतात. म्हणजे वीस लिटरचे पाच कॅन.

गाडीचा चालक हा भाडोत्री माणूस समजू नये. तो सहलीचा सभासद असतो. त्याला आदल्या रात्रीच्या बैठकीत बसवावे, त्याचे पान सर्वांच्या पंगतीत मांडावे. गाडीत थकलेल्या स्वाराला बसण्यासाठी रीतसर जागा हवी. मालवाहू टेम्पोच्या मागे माणसे बसविणे धोक्याचे आहे आणि कायद्यालाही मंजूर नाही.

गाडीने चालावे कसे? काहींना वाटते, तिने शेवटच्या स्वाराच्या मागे हळूहळू यावे. अरुंद घाटात हे योग्य नाही. मागे वाहने तुंबतात, चालक संतापतात, आणि तो राग सायकलस्वारावर निघतो. सर्वांच्या पुढे निघून जाण्यातला धोका तर मी सांगितलाच. म्हणून तिने टप्प्याटप्प्याने चालावे. दहा-बारा किलोमीटर, किंवा घाटात दर दोन-तीनशे मीटर चढामागे, रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागा पाहून तिने उभे राहावे आणि शेवटचा स्वार ओलांडून जाईपर्यंत हलू नये. चालकाच्या हाती सर्वांच्या नावांचा कागद असावा. जो आला त्याच्यापुढे खूण करावी. बारा खुणा झाल्याखेरीज गाडी हलायची नाही. मोजणे हे असे जागोजाग आणि कागदावर झाले पाहिजे.

स्वारांमध्येही एकाने शेपूट व्हावे. शेपूट म्हणजे सर्वांच्या मागे राहणारा, दुरुस्ती जाणणारा, घाई नसलेला माणूस. तो कोणालाही मागे टाकीत नाही. आणि रस्ता जेथे फुटतो, तेथे प्रत्येकाने मागचा माणूस दिसेपर्यंत थांबावे. आंबेनळी किंवा वरंध्याच्या घाटात फोनची रेंज जागोजाग जाते, म्हणून फोनवर विसंबून हा नियम शिथिल करू नये. अपघात झालाच तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. पण त्यासाठी आधी रेंज असलेली जागा माहीत हवी. ती आखणी करणाऱ्याने रस्ता एकदा स्वतः पाहून नकाशावर टिपलेली असावी. त्याचप्रमाणे प्रत्येक दिवसाच्या वाटेवरचे सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालयही.

मुक्काम

तंबूची जागा उजेडात ठरवावी, आणि शक्य तर महिनाभर आधी. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीवाचून उतरू नये. गावात सरपंचांना किंवा मुख्याध्यापकांना भेटून शाळेचे पटांगण अथवा देवळाचे आवार मागावे. आधी पत्र गेलेले असेल तर बहुधा नकार येत नाही. स्त्री सभासद असतील तर स्वच्छतागृहाची चौकशी प्रथम करावी, पटांगणाची नंतर. नदीचे वाळवंट कितीही मोहक दिसले तरी तेथे तंबू ठोकू नये. वाईच्या वर कृष्णेवर धोमचे धरण आहे, भोरच्या वर नीरा-देवघर आहे. पाणी केव्हा सोडले जाईल, हे तंबूत झोपलेल्याला कळत नाही. झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ असेल तर त्याच्या आसपासही मुक्काम नको. धुराने माश्या खवळतात. डिसेंबरात गवत वाळलेले असते. उघड्यावर शेकोटी म्हणजे वणव्याला आमंत्रण. स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर करावा, आणि निघताना जागा आपण आलो तेव्हाहून स्वच्छ असावी.

महाबळेश्वरच्या पठारावर थंडीच्या रात्री चांगलाच गारठा पडतो, आणि दुसऱ्या दिवशी खाली कोकणात दुपारी घाम निथळतो. एकाच सहलीत दोन्ही ऋतू भेटतात. म्हणून पांघरूण दोन पातळ घ्यावीत, एक जाड नको.

सहा दिवसांची एक आखणी

आता हे सारे एका वाटेवर लावून दाखवितो.

पहिल्या दिवशी सायकली गाडीत घालून आणि माणसे एस.टी.ने वाईला न्यावीत. महामार्गावर अवजड वाहनांच्या शेजारून दिवसभर पाय मारण्यात आनंदही नाही आणि शहाणपणही नाही. दुपारी वाईहून मेणवलीला जावे. नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट पाहून परतावे. ही सहा-सात किलोमीटरची फेरी म्हणजे तालीम होय. कोणाचा ब्रेक घासतो, कोणाची बैठक उंच आहे, कोण धापा टाकतो, ते येथेच कळते आणि येथेच दुरुस्त होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता पसरणी घाट चढून पाचगणी, आणि तेथून महाबळेश्वर. अंतर अवघे एकतीस किलोमीटर, पण चढ साडेसहाशे-सातशे मीटर. आमच्या ठोकताळ्याने पंचेचाळीस. दिवस निवांत आहे, तो निवांतच ठेवावा. तिसऱ्या दिवशी आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्यावरून पोलादपूर आणि पुढे महाड. साठ किलोमीटरच्या आतबाहेर, बहुतेक उतार. सकाळी धुके व दव असते, म्हणून रस्ता सुकल्यावर निघावे. चौथा दिवस विश्रांतीचा. महाडात चवदार तळे आहे. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी तेथे पाण्यासाठी सत्याग्रह केला. दोन दिवस बाटलीतल्या घोटाघोटाचा हिशेब ठेवून आलेल्या स्वाराला त्या पायऱ्यांवर बसल्यावर पाणी म्हणजे काय, ते वेगळे सांगावे लागत नाही. दुपारनंतर वरंध्याच्या पायथ्याच्या गावी जाऊन मुक्काम करावा. पाचव्या दिवशी वरंधा घाट. कोकणच्या पातळीवरून सहाशे-सातशे मीटरचा चढ. वाघजाईपाशी थांबून चहा-भजी घ्यावीत, आणि माथा ओलांडून नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेने भोरला यावे. महाड ते भोर एकूण सुमारे ऐंशी किलोमीटर आहे. आदल्या दुपारी पायथा गाठलेला असल्यामुळेच हा दिवस उजेडात बसतो. सहाव्या दिवशी सकाळी भोरचा वाडा पाहून गाडीने परत.

या वाटेविषयी एक इशारा देतो. हे घाट पावसाळ्यासाठी नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये याच डोंगरांत दरडी कोसळून आंबेनळीचा रस्ता तुटला आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर आला. वरंधा घाटही पावसाळ्यात आणि दुरुस्तीसाठी वरचेवर बंद ठेवतात. निघण्यापूर्वी आठ दिवस आणि पुन्हा आदल्या दिवशी बांधकाम खात्याकडे व स्थानिक पोलिसांकडे चौकशी करावी. आणि रस्ता बंद निघाला तर महाडहून गाडीने परत येण्याचा पर्याय आधीच लिहून ठेवावा. ज्या आखणीत परतीचा दुसरा मार्ग नाही, ती आखणी अपुरी समजावी.

तयारीविषयी थोडक्यात. निघण्यापूर्वी दोन महिने दर रविवारी कात्रज किंवा दिवे घाट चढावा, आणि त्यांतील निदान एका रविवारी प्रत्येकाने पंक्चर स्वतःच्या हाताने काढावे. ज्याला हृदयविकार, दमा किंवा मधुमेह आहे, त्याने डॉक्टरांना विचारूनच यावे आणि ते प्रमुखाला सांगावे, लपवू नये. खर्च सर्वांत समान वाटावा आणि हिशेब रोज रात्री लिहावा.

शेवटचा स्वार

सभ्य स्त्रीपुरुषहो, असल्या सहलीत सर्वांत बलवान स्वार पुढे जातो, त्याचे छायाचित्र निघते, त्याचे कौतुक होते. पण योजना त्याच्यासाठी नसते. त्याला योजना लागतच नाही. तो कसाही पोचतो. योजना असते ती शेवटच्या स्वारासाठी. किती वाजता निघायचे, किती दूर जायचे, गाडीने कोठे थांबायचे, पाणी किती घ्यायचे, हे सारे त्याच्या वेगावरून ठरले तर पुढच्यांचे काही बिघडत नाही; त्यांना थोडा अधिक वेळ डोंगर पाहायला मिळतो. उलट ते पहिल्याच्या वेगावरून ठरले, तर शेवटचा माणूस अंधारात कठड्यावर बसतो. गाडीत सामान घालता येते. जबाबदारी घालता येत नाही.

तात्या पुढच्या वर्षीच्या सहलीला येतील, असे मला वाटले नव्हते. ते आले. सायकल नवी, मागे मोठी चकती, कॅरिअरवर पंप. निघताना म्हणाले, "या वेळी शेपूट मी." तेव्हापासून दर सहलीत शेपूट तेच असतात. संध्याकाळी मुक्कामाला सर्वांच्या शेवटी येतात, सायकल झाडाला टेकवतात, आणि चहाचा पेला हातात घेण्यापूर्वी बोटाने एकेकाकडे दाखवीत मोजतात. बारा आकडा झाला की मग पेला तोंडाला लावतात.

येत्या मार्गशीर्षात कोणाला यायचे असेल, तर व्याख्यानानंतर जरूर भेटावे. सायकल कोणती आहे, याची मला फारशी काळजी नाही. तेवढे पंक्चर काढायला शिकून यावे.